मशिन चालूच होतं

सोलापूर,
१८ फेब्रुवारी २०२५

ती. नागूआत्यास,
सिद्धांतचा सप्रेम जयभीम.

फोन उचलत नाहीस म्हणून लिहितोय. तब्येत बरी असेल. इकडे ऊन आत्ताच चटके द्यायला लागलंय. तुझी सून शुभदा मजेत आहे; परवा नवी पेठेतून तुझ्यासाठी लुगडं आणलंय. मीच घेऊन आलो असतो, पण पाय उचलत नाही बघ.

आमच्या संग्रहालयाचं काम मार्गी लागलं. पाच गावच्या पाच संस्थांनी मिळून एकच वेबसाइट केली. कुणाकडची नाणी, कुणाकडची जुनी भांडी, आमच्याकडची बायकांची गाणी, सगळं एका जागी. कुणीही घरबसल्या मोबाइलवर ऐकावं. उद्घाटनाला हॉल भरला होता. आमचे शिवलिंगप्पा सर म्हणाले, "ह्या पोरानं गावोगाव हिंडून जात्यावरच्या ओव्या गोळा केल्या." मला शाल-श्रीफळ दिलं. मीही मारे ताठ मानेनं घेतलं.

तिथं तुझी ती ओवी लावली, आत्या. तुझ्या लेकीवरची, बुद्धप्रियावरची. चुकून.

म्हणजे असं की वेबसाइटवर प्रत्येक गाण्यापुढे खूण करायची असते, सर्वांसाठी की बंद. बाकीच्या चौघांपेक्षा आपली गाणी कमी दिसतील ही सरांना धास्ती. मी तुझ्या सगळ्या ओव्या एकदम 'सर्वांसाठी' करून टाकल्या. घाईत. सरांना हेच सांगितलं, शुभदालाही हेच. तुलाही हेच सांगणार होतो.

खोटं आहे ते. जातं थांबवून तू म्हणाली होतीस, "सिदा, आता ते मशिन बंद कर. हे माझं एकटीचं हाय." मी मान डोलावली आणि रेकॉर्डिंग बंद केलं नाही. मग तू गायलीस.

लेक आली गं माघारी, उंबऱ्यात टेकली
मीच म्हनले जा बाई, मीच येष्टीत बशिवली

विहिरीत सापडायच्या आधी ती माहेरी आली होती, हे मला तोवर ठाऊक नव्हतं. कुणालाच नव्हतं. घरी येऊन ऐकलं आणि ढसाढसा रडलो. आणि रडता रडताच मनात आलं, अख्ख्या संग्रहात असं दुसरं गाणं नाही. लिहायचीही लाज वाटते, पण तेच आलं. लोकांनी ऐकावं आणि हे सिद्धांतनं आणलं म्हणावं, एवढ्याचसाठी खूण केली.

आमच्याकडचं मी काढलंय. पण एकानं टाकलं की ते पाचांकडे जातं, आणि बाकीचे चौघे म्हणतात, जिचा आवाज तिनं सांगावं, मग काढू. म्हणजे शेण मी खायचं आणि निस्तरायचं तू. शेजारच्या जोतिरामकाकांकडून दोन ओळी लिहून घे आणि खाली अंगठा दे. हे पत्रही त्यांच्याकडूनच वाचून घे. पिंकीकडून नको. आईचं असं काही त्या पोरीच्या कानावर जायच्या आत काढायचंय.

तुझ्या दारात यायचं तोंड नसलेला,
सिद्धांत

*

माढा,
२५ फेब्रुवारी

सिदा,
जयभीम. मी सांगतीय, पिंकी लिहितीय. तुजं पत्र बी तिनंच वाचलं. घरातलं जोतिरामाला कशाला वाचाया देऊ?

पिंकीनं गाणं कवाच ऐकलंय. शाळंत बाईंनी तुमची ती वेबसाइट दावली. पोरी म्हनल्या, अगं, ही तुजी आजी की! घरी आली ती दप्तर सुदिक काढलं न्हाय. इचारलं, "आजी, आई माघारी आली हुती व्हय?"

ती दोन वर्साची हुती तवापासनं मी ह्या सवालाला भीत आले. तिची धाव्वी झाली की मीच सांगनार हुते. कसं सांगायचं ते जात्यावर बसून जुळवत हुते. ते तू माज्या तोंडातनं काढून घेतलंस, सिदा. लई वंगाळ केलंस.

मी व्हय म्हनले. लोक काय म्हनतील म्हनून सासरी धाडली, म्हनले. पोरगी माज्याशी बोलायची थांबली. तुजं पत्र आलं तवा म्हनली, "वाचू का?" तेवढंच.

तुला शिव्या घालायला बसले हुते. पर लाज काय तुला एकट्यालाच न्हाय. अंगठा खाली देते. काढायचं का ठेवायचं, ते तिला इचारलं. आई तिची हाय. ती तिचं लिहील.

नागूबाई (अंगठा)

सिद्धूमामा,
गाणं काढा. पाचही ठिकाणचं. पण पुसू नका, मला आणून द्या. मी दोन वर्षांची होते, मला आईचा चेहरासुद्धा आठवत नाही. ती आमच्या उंबऱ्यात बसली होती, एवढंच मला तिचं माहीत झालंय.

बुद्धप्रियाची मुलगी