तिसरी चांदणी

भवानीनगर, बुधवार, ४ ऑक्टोबर १९९५



आज किप्पूर, आम्हा बेने इस्राएल ज्यूंचा सगळ्यात मोठा उपास. काल सूर्य बुडायच्या आधीपासून पोटात पाणीसुद्धा नाही. आभाळात तीन चांदण्या दिसल्या की सोडायचा. बाबांना मधुमेह. डॉक्टर नको म्हणाले होते, पण ऐकतील ते बाबा कसले.

सात वाजता मी दुधाचा पेला घेऊन अंगणात गेले. म्हटलं, "बाबा, तीन कधीच झाल्या. घ्या."

ते वर बघत राहिले. "ढग आलेत. थांब जरा."

ढग नव्हतेच. उपासानं चक्कर आली की काय, या भीतीनं मी त्यांचा दंड धरला. शेजारचे तात्या कुंपणापाशी होते. त्यांचा जन्म मेंढरांमागं उघड्यावर गेलेला. ते म्हणाले, "आबा, ढग कुठं हाय? तीन काय, धा हायत की."

 बाबांनी हळूच मला विचारलं, "तुला दिसतात?"

"हो."

"मला चंद्र दिसतो. तोही धुरकट."

माझ्या शब्दावर त्यांनी दूध घेतलं. पेला ठेवताना ओट्याची कड हातानं चाचपली.

आई गेल्यापासून शब्बाथचा, म्हणजे शनिवारच्या विसाव्याचा, दिवा मी लावते, शुक्रवारी सूर्य बुडायच्या आत. कित्येक शुक्रवार बाबा दारात बसून विचारतात, "ऊन किती उरलं गं?" मला वाटायचं, मला वळण लावतायत.

उद्या त्यांना बारामतीला डोळ्यांच्या डॉक्टरकडे न्यायचं. परवा शुक्रवार. ते पुन्हा विचारतील.