सात हजार दोनशेवरचं नाणं

मोदेना,
गुरुवार, ३ मे १९६२

प्रिय लेआर्को,

रविवारच्या शर्यतीसाठी सिसिलीत सगळे सुखरूप पोचलात, ऊन कडक आहे आणि तिथल्या जेवणाला आपल्या तोर्तेल्लिनीची सर नाही, हे तुझ्या बायकोकडून कळलं. इकडे ठीक. माझी पाठ नेहमीसारखीच.

कारखान्यात तुझंच कौतुक चालू आहे. परवा जेवताना मालक म्हणाले, "ओरेस्ते, तुझं बारा सिलिंडरचं इंजिन आता म्हातारं झालं. पुढचे दिवस लेआर्कोच्या सहाचे." सगळे हसले. मीही हसलो. बावीस वर्षं मी बारा सिलिंडर मांडले. तुला आराखडा काढायला मी शिकवलं. आता तू आराखडे काढतोस आणि मी चाचणीच्या खोलीत लिव्हर ओढतो. खोटं कशाला बोलू, मी तुझ्यावर जळतो.

तो शुक्रवार आठवतो ना? थरथर तपासायच्या आपल्या रीतीप्रमाणे तू चालू इंजिनावर शंभर लिऱ्यांचं नाणं उभं केलंस. मी इंजिनाच्या मिनिटाच्या फेऱ्या वाढवत नेल्या, नाणं हललं नाही. आनंदात वाइनच्या बाटल्या उघडल्या. तू मला मिठी मारलीस. "ओरेस्ते, सख्ख्या भावानंही एवढं केलं नसतं," म्हणालास आणि ते नाणं माझ्या खिशात घातलंस.

त्याच सकाळी, तू यायच्या आधी, मी एकट्यानं इंजिन चालवून पाहिलं होतं. सात हजार दोनशे फेऱ्यांवर नाणं पडलं. तीनदा उभं केलं, तीनदा पडलं. म्हणून तुझ्यासमोर त्या आकड्यावरून, नाणं पडायच्या आत, मी लिव्हर झटक्यात पुढे नेला. तुला वाचवायला नाही. तुझं इंजिन इथे चार भिंतींत नको, तिकडे शर्यतीत सगळ्यांसमोर मोडावं म्हणून. आत गाडी चालवायला कॉर्रादो बसलेला असेल, हे तेव्हा मनातच आलं नाही.

दोष छोटा आहे. तेलाची नळी तू मधोमध एकाच पट्टीनं धरलीस. बाराला ते चालतं, कारण ते इंजिन हलत नाही. तुझं सहा मात्र दोन्ही टोकांना झुलतं आणि मागच्या टोकाला नळी थरथरते. ही मधोमधची सवय तुला मीच लावली. शेवटच्या चढावर गाडी बराच वेळ नेमक्या त्याच फेऱ्यांवर राहील. नळी तुटली तर तेल तापलेल्या एक्झॉस्टवर पडेल आणि गाडी पेटेल. कॉर्रादोला दोन मुली आहेत.

काल फोनवर तू विचारलंस, "सगळं ठीक ना?" मी "ठीक" म्हणालो. तुझा आवाज ऐकला की माझी जीभ उचलत नाही.

सुट्या भागांची गाडी शनिवारी तिथे पोचेल. तिच्यात या पत्रासोबत पट्टी आणि रबर पाठवतोय. ती मागच्या टोकाला लाव. नाणंही परत पाठवतोय. सात हजार दोनशेवर तुझ्या हातानं उभं कर. उभं राहिलं, तरच कॉर्रादोला आत बसू दे.

मालकांना काय सांगायचं ते तू ठरव.

ज्याला तू भाऊ म्हणालास, तो
ओरेस्ते