बाबांच्या खडकाचा प्रबंध

वर्सोवा,
नोव्हेंबर १९८६

प्रिय नंदू,

पत्र माझं आहे म्हणून न वाचता फाडू नकोस. तू कुलाब्याला ट्रॉलरवर गेलास तेव्हापासून या घरात तुझं नाव कुणी घेत नाही, पण तुझा पाट अजून भिंतीला उभा आहे आणि आई त्यावर कुणाला बसू देत नाही. तुझे आईबाप गेले आणि तू आमच्याकडे आलास, तो थेट माझ्याच ताटात जेवायला लागलास. वाळत घातलेल्या बोंबलांखाली बसून आपण कावळे हाकायचो आणि निम्मं लक्ष खाडीपलीकडच्या मढहून माणसं घेऊन येणाऱ्या तरीकडे असायचं. फार आठवतात रे ते दिवस. तिथे आता इमारतींचे पाये खणताहेत.

बाबांचा तो खडक तू विसरला नसशील. दुसऱ्यांच्या होड्या रिकाम्या यायच्या तेव्हाही तिथे मासळी लागायची. पण भर दर्यात तो नेमका कुठे, हे बाबांनी कुणाला सांगितलं नाही. किनाऱ्यावरच्या कुठल्या दोन खुणा एका रेषेत आल्या की जाळं टाकायचं, हे त्यांना आजोबांनी दाखवलं होतं आणि ते तुला दाखवणार होते. तू ट्रॉलरवर गेलास आणि त्यांनी तोंड मिटलं. ट्रॉलरचं जाळं तळ खरवडून नेतं, तू तिथे ते नेशील ही त्यांना धास्ती. मग एका संध्याकाळी मला धक्क्यावर बसवून त्यांनी सगळं सांगितलं. आपल्यात पोरी मासेमारीला होडीत पाय ठेवत नाहीत, म्हणजे गुपित माझ्यापाशी सुखरूप. ही पोर विद्यापीठात जाऊन बसेल हे काही त्यांच्या डोक्यात आलं नाही.

तर मी ते कोळ्यांच्या मासेमारीवरच्या माझ्या पीएच.डी.च्या प्रबंधात लिहिलं. त्यांना विचारून लिहिलं, त्यांनी मानही हलवली. पण प्रबंध ग्रंथालयात ठेवतात आणि तिथे कुणीही मागून वाचू शकतो, हे त्यांना कुठून ठाऊक असणार? आणि मी तर डिग्रीच्या आनंदात होते. आता पाच वर्षं तो कुणाला देऊ नये असा अर्ज करता येतो. माझ्या मार्गदर्शक अनुपमाबाई म्हणाल्या, वेडी आहेस का, परीक्षकांना तेच प्रकरण आवडलं, ते छापून आलं तर कॉलेजातली नोकरी तुझीच. त्यांचं खोटं नव्हतं. आई टोपली घेऊन बाजारात बसते ते मला थांबवायचं आहे, म्हणून माझा जीव दोन्हीकडे ओढत होता.

शेवटी बाबांना सगळं समजावून सांगितलं. ते जाळं सांधत होते. हल्ली दिसतं कमी, हाताच्या सवयीनं गाठी मारतात. मला वाटलं, भडकतील. तर म्हणाले, "कपाटात कुलपात ठेवलंस तर कुणाला गावंल गो? मंग माझ्यामागं खडक बी गेला." मग मान वर न करता विचारलं, "नंदूला सांगशील काय?" मला रडू आलं. इतक्या वर्षांत तुझं नाव त्यांच्या तोंडून पहिल्यांदा ऐकलं.

अर्ज मी परवाच दिला. अनुपमाबाई बोलेनाशा झाल्यात, नोकरीचंही आता बघू. पण ती पाच वर्षं मी खडक लपवायला मागितलेली नाहीत, तुझ्यासाठी मागितली आहेत. जगानं वाचायच्या आधी ते घरातल्या माणसाला कळलं पाहिजे. इथे दोन ओळींत मी लिहू शकले असते, पण बाबांना ते स्वतः दाखवायचं आहे, आपल्या होडीतून. ट्रॉलरवरचं काम सोडून ये, एवढीच त्यांची अट आहे. आणि लवकर ये. दोन खुणांपैकी देवळाचा कळस त्यांना अजून दिसतो, मागचा ताड दिसत नाही. तो तुलाच बघावा लागेल.

तुझीच,
मालन