सिकंदराबादचा तिसरा राउंड

११ सप्टेंबर १९३८, जालना

कारभारीच्या हॉटेलात शिरलो आणि सगळे गप्प झाले. चार माणसं, चौघांच्या बश्या एकदम तोंडाला. म्हणजे माझ्याविषयीच चाललं होतं!

कारभारी गल्ल्यावरून म्हणाला, "या मास्तर. सांगा बरं, बॉक्सिंगात आजचा जो लुई मोठा का मागचा डेम्प्सी?" लुईनं जूनमध्ये त्या जर्मन गड्याला पहिल्याच राउंडात झोपवलं, तो पेपर अजून त्याच्या टेबलावर आहे. तेलाचे डाग पडलेत.

मी म्हणालो, डेम्प्सी. बिलकुल डेम्प्सी! हल्लीच्या चॅम्पियनांना मालीशवाले, डॉक्टर, मऊ ग्लोव्ज. मागचे लोक डोक्यावर वीस ठोसे खायचे आणि एकविसावा मागायचे. दोघांपैकी एकालाही मी पाहिलेलं नाही. पण बोललो.

रामकिसन टेलर हसला. "अमेरिका ऱ्हाऊ द्या. आपल्या जालन्यातच एक जुना हाय आन एक नवा. लावा की मुकाबला!"

जुना म्हणजे मी. १९२१ ला पलटणीत होतो तेव्हा सिकंदराबादच्या छावणीचा बॉक्सिंग चॅम्पियन. आता शाळेत ड्रिल घेतो. नवा म्हणजे बद्रीनाथ — जिनिंगमध्ये कापसाच्या गाठी उचलतो, तेवीस वर्षांचा. मीच शिकवला. यंदा औरंगाबादला तीन लढती जिंकून आला, तिन्ही पहिल्या राउंडात. तीन माणसं एकामागून एक पहिल्याच राउंडात पडतात? मला नाही पटत.

१३ सप्टेंबर

शिट्टी खुंटीवर नव्हती. दुर्गी म्हणते, मी हात लावला न्हाई. मग कोणी लावला? घरात आम्ही नवरा-बायको दोघंच. संध्याकाळी माझ्याच कोटाच्या खिशात निघाली. तिनंच टाकली असणार. का, ते कळत नाही.

१८ सप्टेंबर

बद्रीची तालीम पाहिली. खोटं कशाला लिहू, पाय चांगले चालतात. पण सारखा चुकवतो. मान इकडं, खांदा तिकडं, ठोसा हवेत. मी कधी चुकवलं नाही. कपाळ पुढं घालून आत शिरायचो. तसं म्हणालो तर उत्तर दिलं — "मास्तर, चुकवला तरच मंग मारता येतो." हल्लीची पोरं!

जानेवारीत त्याला सिकंदराबादला लढायचं आहे. रिंगणात माझ्या कोपऱ्यात उभे राहाल का, विचारत होता. पाहू म्हणालो.

मग त्याला माझी लढत सांगितली. समोर पुंजाराम, माझ्याच पलटणीतला, अंबडकडचा, माझ्याहून वीतभर उंच. दोन राउंड मला बडवलं. तिसऱ्यात माझा उजवा हात बसला… एवढं सांगेस्तोवर बद्रीच म्हणाला, "आन मंग तो उठला न्हाई."

याला शेवट कोणी सांगितला? माझ्या पाठीमागं कोणीतरी माझी नक्कल करतं. हॉटेलातच करत असणार.

२५ सप्टेंबर

ठरलं. दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी, जिनिंगच्या आवारात, तीन राउंड. जुना विरुद्ध नवा. बद्री आधी नाही म्हणत होता. लोकांनी भरीस घातला.

दुर्गीला सांगितलं तर ताट अर्धं टाकून उठली.

३० सप्टेंबर

दुपारी शाळेतून आलो तर दाराला कडी. दुर्गी तासाभरानं आली. "नंदाबाईकडं हळद कुटायला गेल्ते." नंदाबाई म्हणजे बद्रीची आई! चार दिवसांवर लढत आली आणि ही त्याच्या घरी हळद कुटते? हाताला पिवळा डाग नाही. पाहिलं मी.

४ ऑक्टोबर

जिंकलो! त्रेचाळिसाव्या वर्षी! सगळं जालना लोटलं होतं, कापसाच्या गाठींवरसुद्धा माणसं. तिसऱ्या राउंडात माझा उजवा हात बसला आणि बद्री गुडघ्यावर आला. पंचानं दहा मोजले. कारभारी टोपी उडवत होता. "जुनं ते सोनं!" — लोक ओरडत होते. अक्षर नीट येत नाही.

५ ऑक्टोबर

आंघोळीला बसलो तेव्हा दिसलं. दोन्ही बरगड्या निळ्या. पोट दुखतं. पण आरशात तोंड कोरं! तीन राउंड झाले आणि कपाळावर, गालावर, कुठं ओरखडा नाही. ज्यानं औरंगाबादला तिघांचे जबडे हलवले, त्याला माझं तोंड सापडलं नाही?

९ ऑक्टोबर

बद्रीला जिनिंगच्या फाटकावर गाठलं. खरं बोल म्हणालो. आधी गाठींचं, मग हवेचं बोलत राहिला. शेवटी खाली बघून सांगितलं.

"काकू घरी आल्त्या. आईसमोर माझे दोन्ही हात धरले. म्हणाल्या, त्यांच्या डोक्यावर मारू नको, बाकी काय बी कर."

"आणि पडायला कोणी सांगितलं?"

"कोणी न्हाई. मीच पडलो. तुम्ही थकले होते, मास्तर. लोकांसमोर तुम्हाला पाडू का मी?"

अंगाची आग झाली. म्हणालो, आमच्या वेळी असलं नव्हतं. आमच्या वेळी पडला तो खरा पडला! तोही तापला. "तुम्हाला काय ठाऊक? पडणारा माणूस कधी सांगतो का?"

घरी येऊन दुर्गीला विचारलं, डोक्यावर का नको? ती धान्य निवडत होती. सूप खाली ठेवलं. "तुमचं डोकं मला शाबूत पायजे." एवढंच. उठून आत गेली.

१० ऑक्टोबर

पडणारा माणूस कधी सांगतो का?

१६ ऑक्टोबर

डोक्यातून जात नाही. १९२१. लढतीच्या आदल्या दिवशी सुभेदारानं पुंजारामला तंबूत बोलावलं होतं. मी स्वतः पाहिलं. परेड सुटल्यावर गेला, बऱ्याच वेळानं बाहेर आला, आणि माझ्याकडं न बघता गेला. दोन महिन्यांत नाईक झाला! हरलेला माणूस नाईक, जिंकलेला मी शिपाईच. तेव्हा वाटलं, उंचीमुळं झाला.

आणि तिसरा राउंड. दोन राउंड त्यानं मला कणकेसारखं तिंबलं. मग एका ठोशात कसा गेला?

सतरा वर्षं मी गावभर सांगत फिरतो.

२ नोव्हेंबर

दिवाळी गोड लागली नाही. हॉटेलात जात नाही. लोक लुई-डेम्प्सीवर भांडतात, त्यांना भांडू दे. माझा एकच मुकाबला आहे. पुंजाराम तिकडं अंबडपलीकडं, कुंभार पिंपळगावला असतो, शेती करतो. जाऊन विचारतो. दुर्गीला सांगितलं. वाटलं, अडवील. तिनं दशम्या बांधून दिल्या.

१० नोव्हेंबर, कुंभार पिंपळगाव

काल अंबडपर्यंत मोटारीनं आलो, पुढं बैलगाडी, मधे एक मुक्काम. आज ऊन चढायच्या आत पोचलो.

पुंजाराम खळ्यावर होता. केस पांढरे, पण खांदे तेच. मला बघून आश्चर्य वाटल्याचं दिसलं नाही. नुसता म्हणाला, "ये श्रीपती. बस." त्याच्या बायकोनं, उषाबाईनं, ताट वाढलं. बाजरीची भाकर. "जवारी तुम्हाला पचत न्हाई ना." ही बाई मला कधी भेटलेली नाही! हिला कसं ठाऊक? दुर्गीचा निरोप इथंही पोचला की काय? म्हणजे पुंजाराम बोलेल तेही पढवलेलंच असणार.

तरी विचारलं. पुंजाराम, तू पडलास का मी पाडला?

तो रागावला नाही. मग सांगितलं, न अडखळता, पाठ असल्यासारखं.

"सुभेदारानं बोलावलं होतं, हे खरं हाय. म्हणाला, सायबाला श्रीपती जिंकलेला पायजे, तिसऱ्यात पड. मी हो म्हणलो. आन रिंगणात आलो तेव्हा ठरवलं, पडायचं न्हाई. नोकरी गेली तरी बेहत्तर. तिसऱ्यात तुला झोपवायलाच आल्तो मी. आन तुझा हात बसला." त्यानं डावा कान माझ्यापुढं केला. "इथं. तवापासून या कानानं ऐकू येत न्हाई. सुभेदाराला वाटलं, मी त्याचं ऐकलं. म्हणून नाईक केलं. बराबर पाडलं तू मला, श्रीपती. शपथेवर सांगतो."

मी त्याच्या डाव्या बाजूला जाऊन हळूच नाव घेतलं. वळला नाही. पुन्हा घेतलं. नाही वळला.

खरी होती!

एका माणसाचा कान गेला आणि मला आनंद झाला, हे इथं लिहितो, दुसरीकडं कुठं बोलणार नाही. त्याचा हात धरून रडलो. तो पाठ थोपटत राहिला. निघताना विचारलं, तुझा काही राग आहे का माझ्यावर? म्हणाला, "न्हाई रे. येत जा."

१३ नोव्हेंबर, जालना

पुंजारामला पत्र लिहायचं म्हणून कोरा कागद शोधत होतो. मागच्या सालच्या वहीत शेवटची पानं कोरी असतील म्हणून ती काढली.

२१ नोव्हेंबर १९३७. "कुंभार पिंपळगावला जाऊन आलो. पुंजाराम भेटला. सुभेदारानं पडायला सांगितलं होतं, तो पडला नाही, मी पाडला. डावा कान गेला. लढत खरी होती. आता हे कोणाला विचारायचं नाही."

अक्षर माझंच. मला यातलं काही आठवत नाही. गाडी नाही, खळं नाही, काही नाही.

दुर्गीपुढं वही धरली. तिनं वाचली नाही. तिला ठाऊक होतं.

"मग मला जाऊ का दिलंस?"

"येताना तुम्ही हसत आल्ते," ती म्हणाली. "मागच्या सालीबी."