मंदाबाईंचा सोमवार

५ जाने., सोम.
वही दिवाळीत घेतली, पहिलं पान आज. उद्या लिहू, उद्या लिहू करत दोन महिने गेले. मधी पेन हरवलं. पेन सापडलं तर वही दोस्ताच्या, सलीमच्या टूरिस्ट जीपमधी राहिली.
पाठक सरांकडं लागून चार महिने झाले. एवढा मी कुठंच टिकलो नाय, कॉलेजातसुद्धा नाय. सर तीस वर्षं ट्रेझरीत पेन्शनच्या खिडकीवर. रिटायर झालेली माणसं खिडकीतूनच विचारायची, आता पुढं काय करू? मागं रांग ओरडायची. मग सर त्यांना जेवणाच्या सुट्टीत बाहेर लिंबाखाली बसवून सांगायचे. स्वतः रिटायर झाल्यावर तेच घरच्या ओट्यावर सुरू केलं, अन् आता दर गुरुवारी सकाळी रेडिओवर पंधरा मिनिटं. गुलमंडीवर चहावाला सरांकडून पैसे घेत नाय. माझं काम ऐकणाऱ्यांचं टपाल फोडणं. कंटाळा.

८ जाने., गुरु.
आज चाळीस पाकिटं. त्यातली निम्मी परत पाठवायची. सरांचा नियमच तसा. पैशाबद्दल काय पण विचारा, आधी एक कागद भरून द्यायचा: रिटायर झाल्यावरचा पहिला सोमवार कसा घालवणार. डावी बाजू नवऱ्यानं लिहायची, उजवी बायकोनं, खाली दोघांच्या सह्या. एक बाजू कोरी असली की कागद परत. मी म्हटलं, सर, एवढं कशाला? तर म्हणे, "घरी बसणार तो, पण घर तिचं असतं."
दिवसभर पाकिटं चिकटवून जिभेला डिंकाची चव. हे काय काम आहे?
दुपारी सर रेडिओवरून आले ते तडक आतल्या खोलीत गेले. काकूंनी (सरांच्या मिसेस) सांगितलं, तिथले साहेब म्हणाले, कार्यक्रम रुक्ष होतोय, मार्चनंतर बघू.

१३ जाने., मंगळ.
एक पत्र बबनरावांचं. मूळचे करमाडचे, इथं शाळेत कारकून. आठ वर्षं नोकरी बाकी आहे, ती आत्ताच सोडून गावी मोसंबी लावायची. सोडू का? म्हणून विचारलंय. डावी बाजू गच्च भरलेली. उजवी कोरी.
बाहेर सलीमचा हॉर्न. वेरूळला दोन फॉरेनर न्यायचे होते. "चल ना मियाँ, अंग्रेजी तू बोल."
परत पाठवायचं म्हणजे पत्ता लिहा, तिकीट आणा, डिंक लावा. मी उजवी बाजू स्वतःच भरून टाकली. पाच मिनिटं लागली. 'सकाळी ह्यांच्या मागं शेतात जाईन. बांधावर बसून दोघं भाकरी खाऊ. इतकी वर्षं ह्यांना उजेडात नीट बघितलंच नाही.' असंच आणखी काय काय. खाली डाव्या हातानं सही, मंदा बबनराव. बायकोचं नाव बबनरावांच्या बाजूला होतंच.
वेरूळ भारी झालं. फॉरेनर बाईनं टोपी दिली.

१५ जाने., गुरु.
सरांनी नेमका तोच कागद रेडिओवर वाचला. 'उजेडात'ची ओळ तर दोनदा वाचली. म्हणाले, बबनराव, घरातून एवढी साथ असेल तर खुशाल नोकरी सोडायचा अर्ज द्या.
साहेबांचा फोन आला, असंच पाहिजे म्हणून. काकूंनी शिरा केला. मला घशाखाली जाईना. तरी दोनदा घेतला.

२१ जाने., बुध.
मंदाबाईंचं पत्र. मीच फोडलं. बरं झालं का वाईट झालं, काय माहीत.
त्या घरी शिलाईचा वर्ग चालवतात, अकरा मुली. करमाडला जायचं म्हणजे वर्ग बंद. गिरणीवर बायका म्हणाल्या, मंदाबाई, लई छान लिहिलंत. मंदाबाईंनी तर काही लिहिलेलंच नाय. नवऱ्यानंच सही केली अशी त्यांची खात्री. त्यानं शुक्रवारी अर्जसुद्धा देऊन टाकला. त्या गंगापूरला माहेरी निघून गेल्या. शेवटी लिहिलंय, 'अर्ज ३१ तारखेपर्यंत मागे घेता येतो. ते तुमच्याशिवाय कोणाचं ऐकत नाहीत. तुम्ही सांगा.'
पत्र गादीखाली ठेवलंय.

२२ जाने., गुरु.
सर दुसरंच कायतरी बोलले रेडिओवर. बोलणारच. मी पत्र दिलं कुठं?

२५ जाने., रवि.
बबनरावांनाच खरं सांगून टाकायचं म्हणून करमाडला गेलो. माणूस शेतात खड्डे घेत होता. मी पाठक सरांचा म्हटल्यावर माझे हातच धरले. "आईशप्पथ, म्या नाय केली सही. पाकीट पेटीत टाकायला तिच्याकडंच दिलं होतं, तिनंच गुपचूप लिहून धाडलं अन् आता लाजती. माहेरी जाऊन बसली. सर एकदा बोलले की येती बघा." मग म्हणे, आलाच आहात तर जरा टिकाव धरा.
सांगायला गेलो होतो, सहा खड्डे खणून आलो. हाताला फोड. माझ्यासारखा येडा मीच.

२७ जाने., मंगळ.
सगळं सांगितलं सरांना, पत्रही पुढं ठेवलं. वाटलं हाकलतील.
चष्मा पुसत बसले. मग म्हणाले, "मला त्याच दिवशी कळलं होतं. तीस वर्षं सह्या ताडून बघितल्या मी. आणि बायको असं लिहीत नसते रे. हे लग्न न झालेल्यानं लिहिलंय."
मग वाचलं कशाला?
"चांगलं होतं."
असा राग आला मला. माझ्यापेक्षा त्यांचाच जास्त. मी आठवडाभर जेवलो नाय, अन् हे...
काकू आतून म्हणाल्या, मग परवा हेच सांगा रेडिओवर. सर म्हणाले, "सांगितलं तर मार्चची वाट कोण बघणार? त्याच दिवशी बंद." काकू म्हणाल्या, तिचा वर्ग बंद होतोय त्याचं काय? सरांनी चष्मा परत पुसायला घेतला. मी पाकिटं चिकटवत बसलो, दुसरं काय करणार.

२९ जाने., गुरु., सकाळी
नऊला कार्यक्रम, थेट. एकतीसच्या आधीचा शेवटचा. सरांनी रात्रीच दोन कागद लिहून ठेवलेत. एक दोन पानी, ग्रॅच्युइटीवर. दुसऱ्यावर चारच ओळी. त्यात बबनरावांचं नाव आहे, त्यांचं स्वतःचं आहे, माझं नाय. कोणता वाचणार ते सांगत नाहीत. दोन्ही एकाच खिशात घातले. रिक्षा दारात उभी आहे, मी सोबत जायचं होतं.
जाता येईना. दारात एक म्हातारी आलीय, गंगापूरच्या पहिल्या एसटीनं. मंदाबाईंची आई. मंदाबाई नाय आल्या, बबनरावही नाय, ही एकटीच. म्हणते, काल जावई आला अन् माझ्यापुढं लहान पोरासारखा रडला. तो खोटं बोलत नाय, माझी लेकही बोलत नाय.
"मग सही केली कोणी? त्याला बघायला आले मी."
काकूंनी पाण्याचा तांब्या पुढं केलाय. ती घेईना. सर माझ्याकडं बघतायत.