भर दुपारच्या लढाया

९ जानेवारी

प्रिय माऊ,

अनेक आशीर्वाद. इकडे सगळं ठीक. तुझ्या आईचा गुडघा कुरकुरतो आणि त्याच्यापेक्षा ती जास्त कुरकुरते. मी जेवतो, झोपतो, लिहितो. जावईबापूंना नमस्कार, भिंगरीला गालगुच्चा.

हे पत्र मी स्वतः टाइप करतोय. लेखनिक बाईंना आज सुट्टी दिली. इतक्या वर्षांत मी आपणहून कधी सुट्टी दिलेली नसल्यामुळे त्यांना वाटलं, माझी तब्येत बिघडली. अक्षरं इकडची तिकडे झाली असतील तर सांभाळून घे. मी ओळ लिहितो, मग यंत्र ती मला वाचून दाखवतं. त्याचा आवाज असा, की ‘राजाचं शीर उडालं’ आणि ‘दूध उतू गेलं’ यांत त्याला काही फरकच वाटत नाही. आजच्या पत्राला असाच वाचणारा बरा.

तू रागावून गेलीस, ते मला कळलं. भिंगरीची संध्याकाळची सायकल बंद कर असं मी म्हणालो, तेव्हा तू फणकारलीस, “तुम्ही अंधारात बसता म्हणून तिनेही बसायचं का?” आई मध्ये पडली नसती तर आपलं चांगलंच वाजलं असतं. भिंगरीच्या डोळ्यांविषयी मला काही सांगायचं होतं आणि ते सांगायला तोंड नव्हतं. आता सांगतो, पण जरा वळसा घेऊन. सरळ रस्ता मला सापडत नाही, हे तू लहानपणापासून म्हणत आलीस.

आधी बातमी. नवी कादंबरी संपली. वेढ्याचं प्रकरण मी बाईंना इतक्या वेळा नव्याने सांगितलं, की शेवटी त्या म्हणाल्या, “अहो, त्या किल्ल्यातल्या लोकांना आता बाहेर तरी काढा, उपाशी आहेत बिचारे.” काढले. परवा प्रकाशक मुखपृष्ठ घेऊन आले होते. चित्रात काय आहे ते त्यांनी हातवारे करून समजावलं. हातवारेही मला दिसत नाहीत, हे त्यांच्या ध्यानात यायला बराच वेळ गेला. मग मागच्या पानावरचा मजकूर वाचला. तोच आपला नेहमीचा: ‘जुन्या कागदपत्रांवरून ज्यांनी आपले डोळे ओवाळून टाकले.’ दर पुस्तकाला विशेषणं तेवढी वाढतात.

माऊ, ते वाक्य खोटं आहे.

तिसरी कादंबरी चालू होती, तू जन्मायची होतीस, तेव्हाच डॉक्टरांनी मला स्पष्ट सांगितलं होतं. हा आजार रक्तातून येतो. आधी रात्रीचं दिसणं जातं, मग कडेचं, मग समोरचं. मी विचारलं, वाचन कमी करू का? ते म्हणाले, “खुशाल वाचा. तुम्ही भाजी विकत असतात तरी हेच झालं असतं.” खरं सांगतो, मला त्याचा राग आला होता. पुढे प्रकाशकांनी ते वाक्य छापलं. सभांमधून लोक माझा हात हातात घेऊन गहिवरायला लागले. मला ते आवडलं. कुणाला आवडणार नाही?

लहानपणी संध्याकाळ झाली की मला धड दिसत नसे. जगात सगळ्यांना तसंच दिसतं, अशी माझी समजूत होती. माझ्या कादंबऱ्यांतल्या सगळ्या लढाया भर दुपारी होतात, हे एका समीक्षकाने बरोबर हेरलं आणि ‘सूर्य हाच खरा नायक’ असा लांबलचक लेख लिहिला. कसला नायक न कसलं काय! रात्रीचा छापा लिहायचा तर माणसाने रात्र पाहिलेली हवी.

तू जन्मलीस तेव्हा मी धास्तावलो होतो. तू चालायला लागलीस, धावायला लागलीस, तेव्हा तिन्हीसांजेला मी तुला मुद्दाम गच्चीवर पाठवायचो. माझी टोपी आण, चटई आण. गच्चीवर काहीही नसायचं. तू धाडधाड वर जायचीस आणि धाडधाड खाली येऊन माझ्याशी भांडायचीस. तुझ्या पावलांत कधी अडखळ नव्हती. मी सुटकेचा निःश्वास टाकला आणि तो विषय डोक्यातून काढून टाकला. हा आजार एखादी पिढी ओलांडूनही येतो, हे डॉक्टर म्हणाले होते. तेवढं मी सोयीस्कर विसरलो.

आता गेल्या महिन्यातलं. तुम्ही आलात त्याच्या दुसऱ्या दिवशी संध्याकाळी भिंगरी माझ्या खोलीत चित्र काढत बसली होती. तिचं खोडरबर पडलं. टप् टप् करत पलंगाखाली गेलं, ते मी ऐकलं. ती जमिनीवर चाचपडत राहिली, मीही वाकलो आणि मला आधी सापडलं. ती खुदकन हसली. “आजोबा, तुम्हाला कसं सापडलं हो? केवढा अंधार झालाय!” तेवढ्यात स्वयंपाकघरातून तुझी आई म्हणाली, “अंधार कसला गं? अजून लख्ख उजेड आहे बाहेर.”

भिंगरीने वाद घातला नाही. आजीची चेष्टा समजून ती पुन्हा हसली आणि पाणी प्यायला उठली. सकाळी स्वयंपाकघराकडच्या त्याच बोळातून ती वादळासारखी पळते. आता ती हळू गेली, भिंतीवरून तळहात घासत. लहानपणी संध्याकाळी मीही असाच चालायचो; त्या आवाजाची मला कुणाकडून खात्री करून घ्यायला नको. माझ्या कादंबऱ्यांत पुढे कुणाचं काय होणार ते मला माहीत असतं. राजा सुखाने जेवत असतो, त्याला पत्ता नसतो, मला असतो. त्यात एक मजा असते, खोटं कशाला बोलू? या वेळी बोळातून जाणारी माझी नात होती.

तरीही मी तुला सायकलीचंच बोललो. रक्ताचं बोलायचं तर आधी ते ओवाळून टाकलेलं वाक्य मोडावं लागलं असतं. त्यावर तू शाळेत निबंध लिहिला होतास, बक्षीस मिळवलं होतंस. आणि तुम्ही निघालात त्या दिवशी सकाळी तुझा आवाज आला, “पुरे झालं वाचन. आजोबांचं काय झालं, पाहिलंस ना?” पाठोपाठ पुस्तक मिटल्याचा आवाज. तू लेकीचे डोळे जपतेस, तुझी काय चूक? माझ्या थापेवर विश्वास ठेवून तू तिच्या हातातून पुस्तक काढून घेतलंस. तेव्हापासून मला चैन नाही.

प्रकाशकांना ते वाक्य काढायला सांगितलं. ते म्हणाले, “अहो, त्यावर तर पुस्तक खपतं.” मी म्हटलं, मग या वेळी जरा कमी खपू द्या. ते चडफडले, पण काढतील.

भिंगरीला डोळ्यांच्या चांगल्या डॉक्टरांकडे ने. माझा आजार रक्तातला आहे, हे त्यांना आधी सांग. काय निघेल ते निघो, तिच्यापासून लपवू नकोस. लपवून काय होतं ते या पत्रात वाचलंसच.

आणि तिची पुस्तकं तिला आजच दे. मोठा दिवा लाव आणि वाचू दे. लोळत, जेवताना, गृहपाठ बुडवून, कसंही. माझीच वाचली पाहिजेत असं नाही, ती फार जाडी आहेत. आज तिला दिसतंय माऊ, तोवर कुणी तिला अडवू नये.

माझ्यावर हवं तेवढं चीड. पण फोन आधी डॉक्टरांना कर, मग मला. माझे कान म्हातारे झालेत, त्यांनी काहीतरी भलतंच ऐकलं, असं सांगायला कर.

तुझ्याकडून खोटा ठरण्याची वाट बघत बसलेला,
बाबा