काठावरची कोरडी साडी

आये,

तुला जाऊन इतकी वर्षं झाली, तरी भांडायचं झालं की मला अजून तूच आठवतेस. येत्या रविवारी माझा बाप्तिस्मा आहे. कोलाडच्या बाजूला कुंडलिका जिथं संथ आणि स्वच्छ वाहते, तिथं आमच्या रोह्याच्या ख्रिस्ती मंडळीचे पाळक मला पाण्यात उतरवणार आहेत. तुझ्या जावयाने कंपनीत शिफ्ट बदलून घेतलीय. पांढरा झगा मी माझ्याच मशीनवर शिवलाय. सगळं ठरवून झालं आणि आता पाय मागे येताहेत. बाप्तिस्म्यावाचून तारण नाही असं मानून मी पाण्यात उतरले, तर तू बाहेरच राहिलीस हे माझ्याच तोंडाने कबूल केल्यासारखं होईल. तू तर कधी उतरलीच नाहीस.

पेणच्या खाडीकाठी जन्मलेल्या आणि मिठागरात घोट्याएवढ्या खाऱ्या पाण्यात उभा जन्म काढलेल्या बाईला पाण्याचं भय असावं, हे सांगून कुणाला पटत नाही. पण तुझी धाकटी बहीण भरतीच्या पाण्यात गेली तेव्हा तू काठावर उभी होतीस. त्यानंतर गुडघ्याच्या वर पाणी तुला सोसवलं नाही. तू पेणला प्रार्थनेला जायला लागलीस आणि गावाने तुझं नाव टाकलं. "बुडाली ती," असं बायका पाणवठ्यावर म्हणायच्या. तू घरी येऊन भाकरी थापता थापता हसायचीस. "माझं बुडायचंच तर बाकी हाय गो!" पेणच्या म्हाताऱ्या पाळकांनी पहिल्यांदा बाप्तिस्म्याचं विचारलं, तेव्हा तू त्यांनाच उलट विचारलं होतंस, "तारतो म्हनता, आनि पयला बुडवता? ह्यो कसला न्याय?" ते पोट धरून हसले. मग त्यांनी नीट समजावलं, की जुनं माणूस पाण्यात पुरायचं आणि नवं माणूस वर काढायचं. तू सगळं ऐकून घेतलंस. "माझा इस्वास हाय," म्हणालीस, "पानी तेवढं नको." त्यांनी घाई केली नाही. तुला वाटलं की ये, एवढंच म्हणाले.

प्रभुभोजनाचा एक रविवार मला लख्ख आठवतो. भाकरीच्या तुकड्यांचं ताट ओळीने फिरतंय. ते तुझ्या हातात येतं, तू मान लववतेस आणि ताट शेजारच्या बाईकडे देतेस. बाप्तिस्मा झालेल्यांचंच ते. मी लहान, सकाळपासून पोटात काही नाही, हात घालून एक तुकडा उचलते. तुझी चापट सगळ्या मंडळीला ऐकू जाते. बाहेर आल्यावर तू मला म्हणालीस, "बोलावल्याबिगर कुनाच्या पानावर बसू नये." मी मुसमुसत विचारलं, "मग तुला कधी बोलावनार?" तू पदराने माझं नाक पुसलंस. "बोलावलंय मना. मीच जात नाय." तेव्हा मला चापटेचं वाईट वाटलं होतं. आता त्या ताटाचं वाटतं.

तू गेलीस तेव्हा मामांनी तुला खाडीकाठच्या स्मशानात नेलं. बाप्तिस्मा नाही म्हणजे ती आमचीच, असं ते म्हणाले, आणि त्यांचंही चुकलं असं मला म्हणता येत नाही. म्हातारे पाळक चिखल तुडवत आले, लोकांच्या मागे उभे राहिले, त्यांचे ओठ तेवढे हलत होते. तू कुणाची, हे तिथं कुणी धडपणे सांगू शकलं नसतं.

परवा बाप्तिस्म्याच्या वर्गात मी आमच्या पाळकांना सरळच विचारलं. हे वयाने माझ्याहून लहान आहेत, मला ताई म्हणतात. त्यांनी प्रभूच्या शेजारच्या वधस्तंभावरच्या चोराची गोष्ट काढली. मरता मरता त्याने विश्वास ठेवला, त्याला कुठं बाप्तिस्मा मिळाला होता? तरी तो तरलाच ना? मी म्हटलं, चोराला वेळ नव्हता, माझ्या आईला कितीतरी वर्षं रविवारमागून रविवार मिळाले. त्यावर ते म्हणाले, "खरं सांगू ताई, तारणारा तो आहे. पाण्याची आज्ञा आपल्याला आहे, त्याला नाही. पण तुमच्या आईंना मी पाहिलेलं नाही. त्या कशा होत्या?"

मी नदीकाठ सांगितला. पेणच्या मंडळीत कुणाचाही बाप्तिस्मा असला की तू भल्या पहाटे उठायचीस, कोरड्या साड्या, टॉवेल, किटलीभर चहा घेऊन काठावर उभी राहायचीस. माणूस पाण्यातून कुडकुडत वर आलं की पहिला हात तुझा. बायकांना आडोसा धरायचीस, डोकी पुसायचीस, "झाला गो, झाला, आता भ्याव नाय," म्हणत त्यांना ओल्यानेच कवेत घ्यायचीस. स्वतःला जिथं जाववत नव्हतं, तिथून येणाऱ्या प्रत्येकाला तू हात देऊन वर घेतलंस. पाळकांनी विचारलं, "म्हणजे त्या कधीच भिजल्या नाहीत?" मी म्हटलं, "भिजायची की. त्यांना पोटाशी धरून तिचीच साडी चिंब व्हायची. घरी येऊन आधी तीच बदलायची." ते हसले नाहीत. त्यांनी पुस्तक मिटलं आणि त्या दिवशीचा वर्ग तिथंच संपवला.

उत्तर मला मिळालं असं नाही. विश्वासाने तारण आणि बाप्तिस्मा ही त्याची साक्ष, हे मला पाठ आहे; तुझी साक्ष कोणती धरायची ते कुठं लिहिलेलं नाही. तरी मी रविवारी उतरणार आहे. मला बोलावलंय आणि मला जावंसं वाटतंय, एवढं पुरे. तू बाहेर राहिलीस असं मानून मात्र उतरणार नाही. हे पत्र पाठवायचं तरी कुठं? शिवणाच्या पेटीत चिंध्यांखाली ठेवून देईन.

एकच सांगायचं राहिलं. इथं ज्याचा बाप्तिस्मा असतो, त्याने आपलं माणूस आणायचं असतं, काठावर कोरडे कपडे घेऊन उभं राहायला, बाईसाठी बाईच. मंडळीतल्या बायका रोज विचारतात, तुझं कोण येणार? मी येईल, येईल म्हणते. आये, तुझ्या त्या जागेवर उभं राहायला मी अजून कुणालाच सांगितलेलं नाही.